पाच महिन्यांचे बाळ, सेरेब्रल पाल्सीचा धोका आणि रांगायला मदत करणारा रोबो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची मुलगी ३२व्या आठवड्यात जन्मली. आज ती सात महिन्यांची आहे, म्हणजे तिचे सुधारित वय (मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजलेले) पाच महिने. एमआरआयमध्ये मेंदूतील पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा झालेली दिसते, दोन्ही पाय ताठ राहतात, पालथे घातले की ती दोन मिनिटांत रडू लागते, आणि डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सीचा’, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम होण्याचा, ‘मोठा धोका’ असे लिहून दिले आहे. चाकांच्या छोट्या गाडीवर पालथे झोपवलेली बाळे रोबोच्या मदतीने पुढे सरकतात, असा एक व्हिडिओ तुम्ही पाहिला. दुसरीकडे एका केंद्राने, यंत्राने पायांना हालचाल देण्याचे उपचार लगेच सुरू करता येतील, असे तुम्हाला सांगितले आहे. यातले काय खरे, काय निवडावे, आणि तो रोबो मिळेपर्यंत मुलीचे नुकसान होत आहे का, हे तुम्ही विचारले आहे.

बावीस वर्षे मी लहान मुलांची फिजिओथेरपी करत आले आहे आणि माझ्याकडे येणारी निम्मी तरी बाळे एक वर्षाच्या आतली असतात. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. वेळ हातातून निसटत आहे ही भीती तुम्हाला झोपू देत नसणार, आणि ती भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची जडणघडण फार वेगाने होते. हा काळ वाया जाऊ नये, याबद्दल आमच्या क्षेत्रात आज दुमत नाही. मात्र तुमच्या मुलीला काय मिळायला हवे हे आधी नीट समजले, तर त्यासाठी यंत्र लागते का आणि लागले तर कोणते, हे ठरवणे पुष्कळ सोपे होईल.

काही गोष्टी तुमच्या मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत, हेही आधीच स्पष्ट करते. इजा किती आहे आणि कुठवर पसरली आहे, दृष्टी आणि ऐकणे कसे आहे, झटके येतात का, फुप्फुसे किती सावरली आहेत, दूध प्यायल्यावर ते वर येते का, यावर उपचारांचा वेग आणि बाळाला ठेवण्याची पद्धत अवलंबून असते. ‘मोठा धोका’ हे शब्द डॉक्टरांनी टाळाटाळ म्हणून लिहिलेले नाहीत. एमआरआय, बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींची प्रेक्टल पद्धतीने केलेली तपासणी आणि ‘हाइन’ नावाची चेतासंस्थेची तपासणी यांच्या आधारे आता पाच महिन्यांच्या आतही असा निष्कर्ष काढता येतो, आणि अंतिम निदानाची वाट न पाहता उपचार सुरू व्हावेत, हाच त्यामागचा हेतू असतो. हाइनमध्ये एकूण ७८ गुण असतात. हे गुण तुमच्या कागदपत्रांत नसतील तर विचारून घ्या. पुढची प्रगती मोजायला ते उपयोगी पडतात. ती चालेल की नाही, हे मात्र आज कोणालाही विचारू नका. दोन वर्षांच्या आत ठरवलेली हालचाल-क्षमतेची पातळी दोन वर्षांनंतर पुन्हा तपासली, तेव्हा दहांपैकी सुमारे चार मुलांमध्ये ती बदललेली आढळली होती. इतक्या लवकर दिलेले ठाम उत्तर, आशेचे असो वा निराशेचे, भरवशाचे नसते.

आता त्या रोबोविषयी. तुम्ही ज्याचे वर्णन केले आहे ते बहुधा अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात थुबी कोलोबे, अँड्र्यू फॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासलेले उपकरण असावे. त्यात बाळ जमिनीलगतच्या, गादी लावलेल्या पाटावर पालथे असते. छाती आणि पोट पाटावर टेकलेले, हात आणि पाय जमिनीला लागतील असे मोकळे. पाटाखाली चाके आणि मोटर असतात. बाळाने हाताने किंवा पायाने जरासा जोर लावला, की संवेदक तो जोर टिपतात आणि मोटर त्याच दिशेने पाट थोडा पुढे नेते. दुसऱ्या प्रकारात बाळाच्या अंगात संवेदक बसवलेला पोशाख असतो. जमिनीवर जोर पोहोचला नाही, तरी हातपायांची ठेवण रांगण्याच्या प्रयत्नासारखी दिसली की यंत्र तो प्रयत्न ओळखते आणि बाळाला पुढे सरकवते. यामागचा विचार मला मनापासून पटतो. मेंदूला इजा झालेले बाळही सुरुवातीला धडपडते, पण त्या धडपडीतून खेळणे जवळ येत नाही, आई जवळ येत नाही, काहीच बदलत नाही. मग हळूहळू ते धडपडणेच सोडून देते. रोबो त्या अपुऱ्या प्रयत्नाला फळ देतो आणि बाळाला पुन्हा प्रयत्न करायला कारण मिळते.

या सगळ्याचा गाभा असा, की हालचाल बाळाने सुरू केलेली असली पाहिजे. रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी १९६३ साली मांजराच्या पिल्लांवर केलेला प्रयोग आमच्या शिक्षणात सर्वांना शिकवला जातो. एका आडव्या दांड्याच्या एका टोकाला बांधलेले पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरत असे, आणि दुसऱ्या टोकाला टांगलेल्या परडीत बसलेले पिल्लू त्याच्यामुळे तितकेच फिरत असे. डोळ्यांपुढचे दृश्य दोघांनाही सारखेच दिसत होते, आणि उरलेला वेळ दोघेही अंधारात राहत होते. पुढे तपासले तेव्हा स्वतः चाललेल्या पिल्लाला खोली आणि अंतर यांचा अंदाज नीट येत होता. परडीतल्या पिल्लाला येत नव्हता. माणसाच्या बाळांबाबत तर याहून सुखद पुरावा आहे. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याची फीत बाळाच्या घोट्याला बांधली. पाय झाडला की खेळणे हलते, हे दोन-तीन महिन्यांच्या बाळांना काही मिनिटांत उमगले आणि त्यांचे पाय झाडण्याचे प्रमाण वाढले. इतक्या कोवळ्या वयात बाळ ‘मी केले म्हणून झाले’ हे शिकू शकते. तुमची मुलगी आज त्या बाळांपेक्षा मोठी आहे.

मेंदूच्या अंगाने पाहिले तरी हेच दिसते. मेंदूच्या पृष्ठभागातून निघून मज्जारज्जूपर्यंत जाणारे, इच्छेने हालचाल घडवणारे तंतू जन्माच्या वेळी पूर्णपणे स्थिरावलेले नसतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांच्यात मज्जारज्जूतील जागेसाठी जणू चढाओढ चालते. जे तंतू वापरात राहतात त्यांची पकड घट्ट होते, जे राहत नाहीत ते माघार घेतात. तिसऱ्याच कोणी पाय धरून हलवला, तर सांध्याला हालचाल मिळते आणि स्नायूला ताण मिळतो, परंतु या तंतूंना त्यातून फारसे काम मिळत नाही.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. सुधारित वयाने सहा महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे येत असे. पाय तुमच्या मुलीसारखेच ताठ. माझ्याकडे संवेदक किंवा मोटर असलेला पाट नव्हता. चार बोटे उंचीची, जाड गादी लावलेली, चहूकडे फिरणाऱ्या चाकांची एक साधी फळी होती. त्याच्या छातीखाली टॉवेलची घडी ठेवून मी त्याला त्यावर पालथे घातले आणि हातभर अंतरावर लाल वाटी ठेवली. पहिल्या तीन भेटींत तो फक्त मान वर करून पाहायचा आणि थकून गाल टेकायचा. चौथ्या भेटीत त्याच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीला लागला, पाय सरळ झाला आणि फळी दोन बोटे पुढे गेली. तो एकदम थांबला. डोळे मोठे झाले, श्वास क्षणभर अडकल्यासारखा झाला. मग त्याने दोन्ही पाय एकदम ताठ केले. ते जमिनीपासून वर उचलले गेले आणि फळी जागची हलली नाही. त्याची आई मदतीला हात पुढे करत होती, मी तिचे मनगट हलकेच धरून थांबवले. आम्ही दोघी काही न बोलता बसलो. बऱ्याच वेळाने, निदान मला तरी तो वेळ फार वाटला, त्याने उजवा गुडघा किंचित वाकवला, अंगठा पुन्हा टेकवला आणि ढकलले. पुढच्या भेटीत त्याला फळीवर ठेवताच पहिली हालचाल उजव्या पायाची झाली. पुढे तो जे काही शिकला त्याचे श्रेय मी त्या फळीला देणार नाही. पण मधल्या त्या शांत क्षणांत त्याच्याकडून जे काम झाले, ते मी किंवा त्याची आई त्याच्यासाठी करू शकलो नसतो.

रोबो माझ्या फळीपेक्षा सरस कुठे ठरतो, तेही यातून कळते. ज्या बाळाचा जोर फळी हलवण्याइतकाही नाही, त्याचा प्रयत्न रोबो टिपू शकतो. शिवाय दर वेळी किती मदत दिली याची नोंद ठेवून ती हळूहळू कमी करता येते. ही मदत कमी करणे फार महत्त्वाचे आहे. यंत्र सगळेच करू लागले तर मोठी माणसेसुद्धा नकळत आपला जोर कमी करतात, हे पुनर्वसनाच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी वारंवार पाहिले आहे. म्हणून ‘लागेल तेवढीच मदत’ हे अशा यंत्रांचे तत्त्व मानले जाते. बाळाला चूक करण्याची आणि ती सुधारण्याची संधी उरली पाहिजे.

ही कसोटी लावली तर त्या केंद्राने सुचवलेल्या उपचारांविषयीचे माझे मत तुम्हाला आता समजले असेल. पाच महिन्यांच्या बाळाचे पाय यंत्राने हलवून मेंदू चालायला शिकेल, हा दावा मी स्वीकारत नाही. चालण्याचा सराव देणारी जी मोठी यंत्रे मोठ्या मुलांसाठी वापरली जातात, त्यांपैकी लोकोमॅटच्या बालआवृत्तीत बसण्यासाठीच मांडीचे हाड सुमारे २१ सेंटिमीटर लांब असावे लागते, म्हणजे मूल साधारण चार वर्षांचे व्हावे लागते. बाहेरून हालचाल देऊन मेंदू घडवण्याची कल्पना नवीनही नाही. गेल्या शतकात मुलांचे हातपाय आणि डोके ठरावीक क्रमाने, दिवसातून अनेकदा, मोठ्यांनी हलवण्याची ‘पॅटर्निंग’ नावाची पद्धत पुष्कळ गाजली. कुटुंबेच्या कुटुंबे तिच्यामागे झिजली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये तिच्या फायद्याला आधार नाही, असे जाहीरपणे सांगितले. नव्या यंत्रात जुनीच कल्पना घातली, तर ती यंत्रामुळे खरी ठरत नाही. सांधे सैल राहावेत म्हणून सौम्यपणे ताण देणे ही वेगळी गोष्ट आहे. ते तुमचे थेरपिस्ट सांगतील तसे जरूर करा.

व्हिडिओतल्या रोबोबद्दलही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो संशोधनातला रोबो आहे. त्याचे अभ्यास बाळांच्या छोट्या गटांवर झाले आहेत आणि त्यांत मुख्यतः पालथ्या स्थितीतल्या हालचाली मोजल्या आहेत. त्यामुळे मूल पुढे अधिक चांगले चालते, असे त्यांतून सिद्ध झालेले नाही. सेरेब्रल पाल्सीचा धोका असलेल्या दोन वर्षांखालील मुलांसाठी २०२१ मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत भर आहे तो बाळाने स्वतः करायच्या, उद्दिष्ट ठरवून घेतलेल्या सरावावर, समृद्ध परिसरावर आणि पालकांना शिकवण्यावर. म्हणून घर हलवून, नोकरी सोडून त्या रोबोच्या मागे जा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या आवाक्यातल्या एखाद्या रुग्णालयात अशा उपकरणाचा अभ्यास सुरू असेल आणि तुमचे डॉक्टर अनुकूल असतील, तर मात्र अवश्य चौकशी करा.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास यंत्रावर घालवला तरी उरलेले तास घरचेच असतात. बारा ते एकोणीस महिन्यांची निरोगी मुले मोकळी खेळत असताना त्यांची पावले मोजली, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे अशी नोंद झाली. शिकण्यासाठी किती पुनरावृत्ती लागते, याचा अंदाज यावरून येतो. तुमची मुलगी पावले टाकण्याच्या टप्प्यावर नाही, पण सरावाचे हे गणित तिलाही लागू आहे, आणि तो सराव दिवसभरात छोट्या छोट्या तुकड्यांतच होऊ शकतो.

म्हणून सध्या काय करावे, ते सांगते. ती पालथी असताना रडते, तर पालथे घालणे सोडू नका, अवघडपणा कमी करा. तुम्ही अर्धवट रेलून तिला छातीवर पालथे घ्या. चढ असल्यामुळे तिला मान उचलणे सोपे जाईल. नंतर जमिनीवर, छातीखाली टॉवेलची गुंडाळी आणि कोपर खांद्यांच्या किंचित पुढे. रडण्याआधी उचला, रडल्यावर नव्हे. एक मिनिट चांगले गेले तर ते एक मिनिट पुरे, दिवसातून दहा वेळा करा. तिच्या नजरेच्या टप्प्यात, ठळक रंगाची एकच वस्तू ठेवा आणि मग थांबा. थांबणे हेच पालकांना सर्वांत कठीण जाते. मनात दहापर्यंत मोजा. तिचा खांदा हलला, बोटे उघडली, पाय सरकला, की लगेच ती वस्तू जवळ आणा किंवा तिला वस्तूकडे दोन बोटे सरकवा. म्हणजे रोबो जे करतो ते तुम्ही हाताने करता: आधी तिचा प्रयत्न, मग तुमची मदत, आणि दर आठवड्याला ती मदत थोडी कमी.

उताणे असताना घोट्याला सैल फीत बांधून वर खेळणे टांगण्याचा खेळही करता येईल, परंतु तो पूर्ण वेळ तुम्ही शेजारी बसूनच करायचा आणि संपताच फीत सोडून बाजूला ठेवायची. पाळण्यात दोरी किंवा फीत कधीही राहू द्यायची नाही, कारण ती गळ्याभोवती गुंतू शकते. दोन्ही पाय एकदम ताठ करून झाडण्यापेक्षा एकेक पाय वाकवून झाडला की खेळणे जास्त हलेल, अशी मांडणी करता आली तर उत्तम. एका हाताची मूठ सतत आवळलेली किंवा एकच हात पुढे येत असल्याचे दिसले, तर ते थेरपिस्टच्या नजरेस आणा. एका बाजूच्या अशक्तपणासाठी बाळांना वेगळी, हातांवर केंद्रित पद्धत वापरतात आणि ती लवकर सुरू केलेली बरी. चाकांच्या वॉकरमध्ये मात्र तिला ठेवू नका. तो स्वतंत्र हालचालीचा आभास देतो, पाय बोटांवर टेकून ताठ होण्याची सवय वाढवतो आणि अपघातांमुळे कॅनडाने २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे.

दूध पाजल्यावर लगेच पालथे घालू नका आणि झोपवताना नेहमी उताणेच ठेवा. पालथेपणा फक्त जागेपणी आणि तुमच्या डोळ्यांसमोर. सराव करताना ओठ निळसर दिसले, श्वास जोरजोरात चालू झाला किंवा ती एकदम मलूल झाली, तर थांबून डॉक्टरांना कळवा. झोपेतून उठताना ती पुन्हा पुन्हा, काही सेकंदांच्या अंतराने, दचकल्यासारखी मान आणि हात आत घेत असेल, तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. असे झटके वरवर किरकोळ वाटतात, पण त्यांवर तातडीने उपचार करावे लागतात आणि त्यापुढे कोणताही व्यायाम महत्त्वाचा नाही. खुब्याच्या सांध्यांवर लक्ष ठेवण्याचे वेळापत्रकही आताच विचारून घ्या. सांधा सरकू लागला तरी सुरुवातीला दुखत नाही, तो एक्स-रेमध्येच दिसतो.

उद्या कोणीही कोणतेही यंत्र सुचवले, तर त्यांना तीन गोष्टी विचारा. हालचाल कोण सुरू करते, बाळ की यंत्र? बाळ सुधारत गेले की मदत कमी होते का, आणि ते कसे ठरवता? यंत्रावर जे जमले ते जमिनीवर जमते का, हे तुम्ही कधी आणि कशाने तपासता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त ‘पालकांना फरक जाणवतो’ असे आले, तर मी माझ्या ओळखीच्या पालकांना तिथून परत यायला सांगते.

आजच, ती ताजीतवानी असताना, तिचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा: एक मिनिट उताणी, एक मिनिट पालथी, एक मिनिट कुशीवर, अंगात कमी कपडे आणि कोणीही तिला हात न लावता. चार आठवड्यांनी, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच चटईवर, पुन्हा काढा आणि दोन्ही व्हिडिओ तुमच्या थेरपिस्टसोबत बसून पाहा. तिने स्वतःहून किती वेळा काही सुरू केले, हे दोन्हींमध्ये मोजा. पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट त्या आकड्यावरून ठरवता येईल, आणि रोबोची गरज आहे की नाही, ही चर्चाही तेव्हा तुमच्या मुलीला समोर ठेवून करता येईल.